पायाखालच्या फरशीचे वय : एका जुन्या पाटीची दुरुस्ती



आपल्या उत्सवाच्या जुन्या मंडळींना २००४ सालचा देखावा आठवत असेल. विषय होता ‘पृथ्वीची कहाणी’. थर्माकोलचा ज्वालामुखी, त्यातून लाल बल्बचा लाव्हा, एका कोपऱ्यात मुलांनी पुठ्ठ्याचा केलेला डायनोसॉर, आणि बाप्पाच्या उजव्या हाताला एक खराखुरा दगड. तो दगड मी आणला होता. चुनखडीच्या खदानीत माझी उभी हयात गेली, तेव्हा दगड आणायचे काम साहजिकच माझ्याकडे आले. कांद्याच्या चकत्या एकावर एक रचाव्यात तशी नक्षी असलेली ती फरशी होती. तिच्यापुढे मी स्वतःच्या अक्षरात पाटी लिहून ठेवली होती : ‘रायपूरचा चुनखडक. वय सुमारे ७० कोटी वर्षे.’ त्याच वर्षीच्या स्मरणिकेत मी दोन पानी लेखही लिहिला आणि त्यात हाच आकडा तीनदा दिला.

तो आकडा आज मान्य नाही. आणि तो बदलल्याचे मला पंधरा वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे, तरी मी ते कुणाला सांगितले नाही. आजचा लेख त्यासाठी आहे.

हे लिहिण्याची वेळ कशी आली तेही सांगतो. त्या देखाव्यात डायनोसॉरला रंग देणारी एक चिमुरडी पुढे भूविज्ञान शिकली. गेल्या गणपतीत ती माहेरी आली होती. आरतीनंतर प्रसाद घेता घेता हसत म्हणाली, ‘काका, एम.एस्सी.च्या तोंडी परीक्षेत मला छत्तीसगडच्या खडकांचं वय विचारलं. मी ठणकावून सत्तर कोटी सांगितलं. सरांनी विचारलं, कुठे वाचलंस? मी म्हटलं, आमच्या गणपतीच्या देखाव्यात!’ सगळे हसले, मीही हसलो. घरी आल्यावर मात्र झोप लागेना. पोरीने माझ्या पाटीवर विश्वास ठेवला होता. पाटी बदलणे माझे काम होते.

मोदकांचे घड्याळ

दगडाचे वय काढतात तरी कसे? ‘कार्बन लावून’ हे उत्तर हमखास येते. ते दगडाच्या बाबतीत चालत नाही. किरणोत्सर्गी कार्बनचे अर्धायुष्य ५,७३० वर्षांचे. पन्नास हजार वर्षांपलीकडे त्यातले मोजण्याजोगे काही उरत नाही. सिरपूरसारख्या ठिकाणी उत्खननात जळका कोळसा सापडला तर त्याला कार्बन उपयोगी. कोट्यवधी वर्षांच्या खडकाला फार सावकाश चालणारे घड्याळ हवे.

समजा, प्रसादाच्या ताटात ६४ द्रोण आहेत आणि प्रत्येकात एक मोदक. नियम असा की दर तासाला उरलेल्यांपैकी निम्मे मोदक संपतात, पण रिकामा द्रोण ताटातच राहतो. तासाभराने ३२ मोदक, दोन तासांनी १६, तीन तासांनी ८. आता तुम्ही उशिरा आलात. ताटात ८ भरलेले आणि ५६ रिकामे द्रोण दिसले. कुणालाही न विचारता तुम्ही सांगाल, ताट मांडून तीन तास झाले. कोणता मोदक कधी संपेल हे कुणी सांगू शकत नाही, पण निम्मे कधी संपतील हे ठरलेले आहे. त्या वेळेलाच अर्धायुष्य म्हणतात.

खडकातला युरेनियम हा मोदक आणि शेवटी उरणारे शिसे हा रिकामा द्रोण. युरेनियम–२३८ चे अर्धायुष्य सुमारे ४४७ कोटी वर्षे, युरेनियम–२३५ चे सुमारे ७० कोटी. पोटॅशियम–४० चे सुमारे १२५ कोटी वर्षे, आणि त्याचा एक रिकामा द्रोण म्हणजे आरगॉन नावाचा वायू. ऊन, पाऊस, दाब, उष्णता यांनी या गतीत जाणवण्याजोगा फरक पडत नाही. म्हणून हे घड्याळ भरवशाचे.

पण दोन अटी आहेत. पहिली, ताट मांडताना आधीपासून रिकामे द्रोण ठेवलेले नसावेत. दुसरी, मधल्या वेळात कुणी रिकामे द्रोण उचलून नेलेले नसावेत. ५६ पैकी ३२ द्रोण कुणी आवरून नेले, तर उरतील ८ भरलेले आणि २४ रिकामे. तुम्ही हिशोब कराल, एकूण ३२, उरले ८, म्हणजे झाले दोनच तास. तुमचे गणित बरोबर, पण उत्तर चूक. माझ्या पाटीचे असेच झाले, ते पुढे येईलच.

दोन कोटींपासून ४५५ कोटींपर्यंत

हे घड्याळ सापडण्यापूर्वी पृथ्वीचे वय हा मोठ्या वादाचा विषय होता. लॉर्ड केल्व्हिन हे त्या काळचे सर्वांत मान्यवर पदार्थवैज्ञानिक. तापलेला गोळा किती दिवसांत निवेल, या हिशोबाने त्यांनी १८९७ साली पृथ्वीला २ ते ४ कोटी वर्षे दिली. भूवैज्ञानिकांना हे वय फार तोकडे वाटे, पण केल्व्हिन यांच्या गणितापुढे बोलणार कोण?

उत्तर अनपेक्षित दिशेने आले. १८९६ साली पॅरिसमध्ये बेक्वेरेल यांना युरेनियमचे किरण आढळले. १९०२ च्या सुमारास रदरफर्ड आणि सॉडी यांनी दाखवले की एक मूलद्रव्य आपोआप दुसऱ्यात बदलते, तेही ठरावीक गतीने. १९०४ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये रदरफर्ड यांचे व्याख्यान होते आणि श्रोत्यांत खुद्द वृद्ध केल्व्हिन बसलेले. किरणोत्सारातून पृथ्वीला आतून उष्णता मिळत असते, हे केल्व्हिन यांच्या हिशोबात नव्हते. ज्येष्ठांचा मान राखून त्यांची चूक सांगण्याची ती वेळ होती. रदरफर्ड यांनी युक्तीने असे मांडले की केल्व्हिन यांनी उष्णतेचा नवा स्रोत सापडला नाही तर, अशी अट घातलीच होती. तो स्रोत आता सापडला आहे. आमच्या मंडळाच्या बैठकीतही ही युक्ती उपयोगी पडावी!

१९०७ साली अमेरिकेत बोल्टवुड यांनी युरेनियम आणि शिशाच्या प्रमाणावरून काही खनिजांची वये काढली. ती ४१ कोटींपासून २२० कोटींपर्यंत आली. १९११ साली लंडनमध्ये एकवीस वर्षांच्या आर्थर होम्स या विद्यार्थ्याने नॉर्वेतल्या एका खडकाला ३७ कोटी वर्षे आणि सिलोनच्या खडकाला १६४ कोटी वर्षे दिली. या प्रारंभीच्या वयांतही पुढे दुरुस्त्या झाल्या, कारण शिशाचे अनेक प्रकार असतात हे तेव्हा कळलेले नव्हते. १९५६ साली क्लेअर पॅटरसन यांनी उल्कांच्या शिशावरून पृथ्वीचे वय ४५५ कोटी वर्षे ठरवले. आज ते ४५४ कोटींच्या आसपास मानतात. पॅटरसन यांच्या प्रयोगशाळेत हवेतले शिसे सतत नमुन्यात मिसळे. ते कुठून येते याचा शोध घेता घेता ते शिसेयुक्त पेट्रोलच्या विरोधात उभे राहिले. आपल्या देशात २००० साली ते पेट्रोल बंद झाले. दगडाचे वय मोजायला निघालेल्या माणसामुळे आपली हवा निवळायला हातभार लागला.

सत्तरचे शंभर कसे झाले

आता आपल्या फरशीकडे येऊ. रायपूर, दुर्ग, भिलाई, बलौदाबाजार हा सगळा भाग ‘छत्तीसगड खोरे’ नावाच्या प्राचीन समुद्राच्या तळावर वसलेला आहे. खाली वालुकाश्माचा चंद्रपूर गट, त्याच्यावर चुनखडी आणि शेलचा रायपूर गट. (हे चंद्रपूर छत्तीसगडातले, महानदीकाठचे. विदर्भातले नव्हे, गल्लत नको.) टिल्डा, भाटापारा, बलौदाबाजारचे सिमेंट कारखाने याच चुनखडीवर उभे राहिले, आणि आपल्या जुन्या घरांतली फरशीही याच थरांतली. त्यातली कांद्याच्या चकतीसारखी नक्षी म्हणजे स्ट्रोमॅटोलाइट. उथळ समुद्रात नीलहरित जिवाणूंच्या चिकट थरांवर गाळ साचत साचत हे घुमट तयार झाले.

अडचण अशी की चुनखडीत किंवा वालुकाश्मात थेट चालणारे घड्याळ सहसा मिळत नाही. वाळूचा कण आपल्या मूळ खडकाचे वय सांगतो. तो समुद्रतळाशी कधी बसला, ते सांगत नाही. म्हणून १९७७ साली एका संशोधक गटाने चंद्रपूर गटातल्या ग्लॉकोनाइट या हिरव्या खनिजाचा आधार घेतला. हे खनिज समुद्रतळावरच तयार होते आणि त्यात पोटॅशियम असते. पोटॅशियम–आरगॉन पद्धतीने वय आले ७० ते ७५ कोटी वर्षे. हाच आकडा आम्ही शिकलो आणि माझ्या पाटीवर आला. उपलब्ध साधनांनी प्रामाणिकपणे काढलेला तो आकडा होता.

पण आरगॉन हा वायू. खडक पुढे कधी तापला, खनिजात बदल झाले, तर तो निसटतो. म्हणजे कुणीतरी रिकामे द्रोण उचलून नेतो आणि वय कमी भरते.

२००७ साली ‘जर्नल ऑफ जिऑलॉजी’ या नियतकालिकात एक निबंध आला. लेखक होते कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतील सर्वाणी पात्रनवीश–देव आणि असरू चौधुरी, आणि अमेरिकेतील बिकफर्ड, हिल आणि अभिजित बसू. खोऱ्याच्या पूर्व भागात सुखदा आणि सापोस येथे, अगदी वरच्या थरांजवळ, त्यांनी टफचे थर अभ्यासले. टफ म्हणजे ज्वालामुखीच्या राखेचा खडक. कुठेतरी स्फोट झाला, राख उडाली, समुद्रात पडली आणि गाळात दबली. त्या राखेत झिरकॉनचे सूक्ष्म स्फटिक असतात. झिरकॉन घडताना युरेनियमला आत घेतो आणि शिशाला जवळजवळ थारा देत नाही. म्हणजे ताट मांडताना रिकामा द्रोण नाही! शिवाय तो इतका चिवट की शिसे सहजासहजी बाहेर सोडत नाही. आणि त्यात दोन युरेनियमची दोन घड्याळे एकाच वेळी चालतात. शिसे निसटले तर दोन्ही घड्याळे वेगवेगळी वेळ दाखवतात आणि चोरी उघडी पडते. केसाच्या जाडीहूनही लहान ठिपक्यावर आयनांचा झोत मारून एकेका स्फटिकाचे वय काढता येते.

वय आले सुमारे ९९ ते १०२ कोटी वर्षे.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. १९७७ चे वय खालच्या चंद्रपूर गटाचे होते, आणि हे २००७ चे वय वरच्या थरांचे. भाकरीच्या चवडीत खालची भाकरी आधी झालेली असते. वरची भाकरी शंभर कोटींची आणि खालची सत्तर कोटींची, असे होऊच शकत नाही. दोहोंपैकी एक घड्याळ चुकलेले होते. भारतीय खडकांच्या कालगणनेत सुमारे ५० कोटी वर्षांची दुरुस्ती करावी लागेल, असे त्या निबंधाच्या शीर्षकातच म्हटले होते.

एका ठिकाणच्या पुराव्यावर कुणी एवढा मोठा बदल मान्य करत नाही, आणि करूही नये. म्हणून खोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला, आपल्या दुर्गजवळच्या धमधा येथील टफ तपासला गेला. २०११ साली ‘जर्नल ऑफ जिऑलॉजी’मध्येच तो निकाल आला : तिथेही सुमारे शंभर कोटी. सरायपालीकडच्या सिंघोडा गटातला, म्हणजे खोऱ्याच्या तळाजवळचा टफ तर सुमारे १४० कोटी वर्षांचा भरला. बस्तरच्या इंद्रावती खोऱ्यात जगदलपूरजवळच्या टफचे वयही शंभर कोटींच्या आसपास आले. चार ठिकाणचे साक्षीदार एकमेकांशी जुळले. तेव्हा आपल्या पायाखालचा समुद्र सुमारे १४० कोटी वर्षांपूर्वी भरू लागला आणि शंभर कोटी वर्षांपूर्वीपर्यंत त्यात गाळ साचत होता, असे आज मानतात. त्या काळात पृथ्वीवर मासा नव्हता, गवत नव्हते, झाड नव्हते. डायनोसॉर यायला अजून पाऊणशे कोटी वर्षे होती. आमच्या देखाव्यात दगड आणि डायनोसॉर शेजारी शेजारी मांडले होते, तीही गंमतच!

नागपूरहून रायपूरला येताना

आपल्यापैकी बहुतेकांचे येणे-जाणे नागपूर–रायपूर रेल्वेने. आझाद हिंद असो की हावडा मेल, पुढच्या खेपेला खिडकीशी बसाल तेव्हा हे ध्यानात ठेवा.

नागपूरला सीताबर्डीच्या टेकडीचा काळा दगड म्हणजे सह्याद्रीच्याच बेसाल्टचे पूर्वेकडचे टोक. वय सुमारे ६.६ कोटी वर्षे. रायगड, राजगड, वेरूळ ज्या दगडात घडले तोच हा. या लाव्ह्याचा बराचसा भाग जेमतेम दहा लाख वर्षांत बाहेर पडला. २०१९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात दोन गटांनी सह्याद्रीची वये दिली. एकाने झिरकॉनचे घड्याळ वापरले, दुसऱ्याने आरगॉनचे. एकूण काळ जुळला. कोणत्या टप्प्यात किती लाव्हा आला यावर मतभेद राहिले. डायनोसॉर नाहीसे झाले ते याच सुमारास.

भंडारा, गोंदिया मागे टाकून गाडी दरेकसाच्या डोंगरात शिरते. तिथला लालसर रायोलाइट आणि पुढे डोंगरगडचा ग्रॅनाइट सुमारे २५० कोटी वर्षांचे. त्यांची जुन्या रुबिडियम पद्धतीची वये २२० कोटींच्या आसपास होती, झिरकॉनने तीही मागे नेली. राजनांदगाव ओलांडले की आपले छत्तीसगड खोरे, शंभर ते १४० कोटी. दुर्गहून दक्षिणेला दल्ली–राजहराच्या बाजूला वळलात, जिथल्या लोखंडावर भिलाईच्या भट्ट्या पेटल्या, तर त्या परिसरातल्या एका ग्रॅनाइटचे वय २००९ साली ३५८ कोटी वर्षे निघाले. बस्तरच्या एका खडकाला २००४ साली ३५६ कोटी मिळाली होती. भारतातल्या सर्वांत जुन्या खडकांत यांची गणना होते. तिकीट एका रात्रीचे, आणि प्रवास साडेतीनशे कोटी वर्षांचा.

एक गोष्ट मला विशेष आवडते. गरियाबंद जिल्ह्यात मैनपूरजवळ बेहराडीह येथे हिऱ्यांचा खडक आहे. २०१० साली त्याचे वय दोन पद्धतींनी काढले. आले सुमारे ६.५ कोटी वर्षे, म्हणजे सह्याद्रीच्या लाव्ह्याच्याच काळातले. तिकडे महाराष्ट्रात काळा दगड पसरत होता, त्याच सुमारास इकडे छत्तीसगडच्या जमिनीतून हिरे वर येत होते. आपण मंडळी तिकडून इकडे आलो ते फार उशिरा. खाली खडकांचे नाते त्याआधीच जुळलेले होते.

पाटी पुसताना

‘तुम्ही रायपूरचे कधीपासून?’ असे कुणी विचारले की आपल्यात किती उत्तरे निघतात! तात्यापाऱ्यातली एखादी आजी बिंबाजी भोसल्यांपासून सांगेल, म्हणजे १७५८ च्या सुमारापासून. कुणाचे पणजोबा रेल्वेबरोबर आले, कुणाचे वडील १९५५ नंतर भिलाईच्या कारखान्यासाठी. कुणी घराच्या रजिस्ट्रीचे साल सांगतो. घराणे कधी आले आणि सध्याचे घर कधी झाले, या दोन वेगळ्या गोष्टी. रजिस्ट्रीचे साल खोटे नसते, फक्त ते घराण्याचे वय नसते. ग्लॉकोनाइटनेही तेच केले. समुद्र कधी भरला हे आपण विचारले. ते बहुधा आपल्यावर नंतर काय गुदरले ते सांगत होते.

मग मी इतकी वर्षे गप्प का राहिलो? २००७ चा निबंध मला एका जुन्या सहकाऱ्याने पाठवला होता. पहिल्या वाचनात वाटले, बघू, आणखी पुरावा येऊ दे. हे योग्यच होते. पण २०११ मध्ये पुरावा आला, अगदी घराजवळच्या धमध्याहून आला, तेव्हाही मी गप्पच राहिलो. खदानीत ज्यांना शिकवले, देखाव्यात ज्यांना समजावले, त्यांच्यापुढे जाऊन ‘मी सांगितले ते आता खरे नाही’ म्हणणे जड गेले. केल्व्हिन यांच्यावर हसणे सोपे असते.

त्या मुलीला मी पत्र लिहून क्षमा मागितली. तिचे उत्तर दोन ओळींचे होते : ‘काका, चुकीचं वाईट वाटलं नाही. त्या दगडामुळेच मी भूविज्ञान घेतलं. आता पाटी मात्र बदला.’

ती फरशी अजून माझ्या अंगणात तुळशीजवळ आहे. गेल्या महिन्यात तिच्यापुढे नवी पाटी लावली : ‘रायपूरचा चुनखडक. वय सुमारे शंभर कोटी वर्षे किंवा थोडे अधिक. राखेतील झिरकॉन, युरेनियम–शिसे पद्धत, २००७ व २०११.’ वयाबरोबर घड्याळ आणि साल लिहिले आहे, म्हणजे उद्या आणखी चांगले घड्याळ निघाले तर नेमके काय बदलायचे ते पुढच्याला कळेल. खाली थोडी जागा मुद्दाम कोरी सोडली आहे.

यंदा दर्शनाला याल तेव्हा पाच मिनिटे काढून घरी जरूर या. मुलांना घेऊन या. फरशीवर हात ठेवू द्या. आणि त्यांनी ‘हे कशावरून?’ असे विचारले, तर त्यांना गप्प करू नका.

गणपती बाप्पा मोरया!